शुक्रवारचे वीस

कणीक दीड किलो, तेल सढळ.
कोरडी मळली तर बुधवारपर्यंत पुठ्ठा होतो,
हे मी पहिल्या महिन्यात शिकलो, दात दुखवून.
चपात्या निम्म्या कच्च्याच उतरवायच्या,
डाग पडू द्यायचे नाहीत.
भाजी पंख्याखाली परातीत पसरायची, पार गार होईतो.
कोमट गुंडाळली की वाफ आत कोंडते
आणि सकाळी दाताखाली बर्फाचे काटे.

परकार जुम्म्याहून येतो,
टोपी घडी करून खिशात, बाह्या वर, अंडी सोलायला बसतो.
डाबरे मिरची कापतो आणि वसईच्या केळ्यांविषयी बोलतो.
फॉइल फाडायचं काम घरतचं.
उल्हास घरत, उरणचा, रिगर,
क्रेनच्या हुकाला टनाटनांचा माल बांधणारा माणूस.
एक वीत चार बोटं, प्रत्येक तुकडा तेवढाच,
आणि टोकाला अशी पीळ
की बसच्या धक्क्यात एक शीतही सांडू नये.

चार माणसं, पाच दिवस, वीस गुंडाळ्या.
प्रत्येकीवर मार्करने अक्षर आणि वार,
कारण घरतला सोमवारी अंडं चालत नाही
आणि डाबरेला एरवीही तिखट दुप्पट.
प-र. ड-मं. घ-सो.
फ्रीजरचा वरचा कप्पा म्हणजे आमची हजेरी.

रोज रात्री झोपताना चार खाली उतरवायच्या,
पहाटे चारला तव्यावर,
चार-चाळीसला सोहार बंदराकडची बस.
खिडकीबाहेर भट्टीचा लाल उजेड,
आत बावीस माणसं, बहुतेक झोपेत,
आणि आमच्या चौघांच्या हातात ऊन ऊन चांदी.
कोपऱ्यावरच्या करकवाल्याकडे पराठा मिळतो, चीज लावून, वेफर्स चुरून.
पगाराच्या दिवशी आम्हीही खातो.
पण पगाराचा दिवस एकच.

त्या मंगळवारी घरतला दुपारी ऑफिसात बोलावलं.
काम संपलं, म्हणाले.
रात्री नऊची गाडी, मस्कतहून विमान.
त्याने बॅगेची दोरी स्वतःच बांधली,
आम्ही तिघं नुसते आसपास उभे.
मग रात्री मी सवयीने चार उतरवल्या.

एकदा उतरलेली परत वर ठेवायची नाही, हा नियम माझाच.
म्हणून घ-बु बसच्या ड्रायव्हरला दिली.
त्याने तोंडात घास असतानाच विचारलं,
तुमचा तो उंच माणूस आज रजेवर का?
परकार म्हणाला, हो.

घ-गु मात्र वरच राहिली, मटारच्या पिशवीमागे.
पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा दीड किलोच मळली.
डाबरे म्हणाला, अरे, पंधराच.
त्या दिवशी फॉइल मी फाडलं. आखूड पडलं.

तिसऱ्या आठवड्यात नवा आला,
रात्री दोनला, एका हँडबॅगेसह.
नाव निवृत्ती, वय तेवीस, गाव सिन्नरजवळचं.
पहाटे बूट घालताना पोटात हात दाबून बसलेला.
त्याच्या नावाचं काहीच नव्हतं.
मग मटार बाजूला केले,
गोठलेलीच तव्यावर टाकली, झाकण घालून, मंद आचेवर,
बसला तीन मिनिटं उशीर झाला तेवढ्यात.

बसमध्ये त्याने पीळ उलगडली,
मग थांबून फॉइल गुडघ्यावर सपाट केलं.
घ म्हणजे काय, म्हणाला, घरचं?

डाबरेने खिडकीबाहेर पाहिलं.
मी म्हटलं, खा, गार होईल.

काल घरतचा निरोप आला, आवाजातला, मागे कोंबडा.
चारला जाग येते अजून, म्हणतो,
उठून बसतो ओट्याशी.
बायको विचारते, काय हवंय?
आणि त्या बटाट्यात आपण धणे किती घालायचो रे?